बर्फाचं बूच

"नळ बदलायला घरातलं पाणी बंद करावं लागतं, हे ज्यांना शास्त्र कळत नाही त्यांचं मत आहे!" असं लेबलरावांनी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोने हातातली कणीक तशीच सोडली. नवऱ्याच्या तोंडून 'शास्त्र' हा शब्द निघाला की घरातलं काही ना काही कामातून जातं, हा तिचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

लेबलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत. तिथे साडेचार हजार वस्तू, आणि प्रत्येकीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातलं लेबल. सहकाऱ्यांनी हे नाव पाडलं ते कौतुकाने की वैतागून, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. उलट तीच सवय त्यांनी घरी आणली. साखर, मीठ, दिव्यांची बटणं, टॉवेल, कशालाही सोडलं नाही. छत्रीवरसुद्धा लेबल! 'छत्री क्रमांक तीन. उघडते, मिटत नाही.' आता मिटत नाही तर ठेवायची कशाला, असं बायकोने एकदा विचारलं होतं. त्यावर, "अगं, पण नोंद आहे ना!" असं उत्तर मिळालं.

तर त्या दिवशी त्यांना सुट्टी होती आणि हातात एक नवी कोरी बाटली होती. डास मारायच्या औषधाची असते तशी, फवाऱ्याची. हिने म्हणे पाइपातलं पाणी गोठवता येतं. स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस ठिबकत होता. तो बदलायचा तर आधी घराचा मुख्य कॉक बंद करायला हवा. पण घरातल्याच बोळातल्या कपाटात, झाडूंच्या मागे, त्या कॉकला लेबलरावांनीच बांधलेली पट्टी होती. 'जाम आहे. जोर लावू नये.' लेबलावर लिहिलंय म्हटल्यावर विषयच संपला. म्हणून ही बाटली.

"उद्या करा ना," बायको म्हणाली. "आज ताई यायच्यात."

"म्हणूनच तर आज! ताईला एकदा डोळ्यांनी बघू दे, मला काय काय येतं ते."

इथे ताईंबद्दल सांगायलाच हवं. ताई म्हणजे लेबलरावांची थोरली बहीण, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आपल्या भावाला साधा खिळा ठोकता येत नाही, हे त्या चारचौघांत सांगत. आणि भावजय गेली अकरा वर्षं घरीच पार्लर चालवते आहे, त्याबद्दल त्या म्हणत, "चांगलं आहे गं, तुझा वेळ जातो." बास, एवढंच. अकरा वर्षांत त्या खुर्चीत एकदाही बसल्या नव्हत्या. हे वाक्य बायकोला किती लागायचं, ते फक्त तिला आणि तिच्या कात्रीला ठाऊक. त्या दिवसांत कात्री जरा जास्तच जोरात चालायची.

पण आता ताई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. शाळेच्या कचेरीत आधीच्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या रांगेत त्यांचा फोटो कायमचा लागणार होता. तो उद्या काढायचा होता. आणि त्यांची नेहमीची केस रंगवणारी बाई नेमकी परगावी गेली होती! अडल्यामुळे का होईना, ताई आज भावजयीच्या खुर्चीत बसणार होत्या. बायकोने पहाटे उठून आरसा तीनदा पुसला होता.

"ऐका," तिने नवऱ्यापुढे बोट नाचवलं. "रंग लावल्यापासून पस्तीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला तो धुतलाच पाहिजे. जास्त राहिला तर बुटाच्या पॉलिशसारखा काळाकुट्ट होईल, आणि त्या फोटोत पुढची पन्नास वर्षं तशाच दिसतील. तेव्हा पार्लरच्या नळाचं पाणी एक मिनिटसुद्धा जाता कामा नये."

"अगं, त्यासाठीच तर ही बाटली! फक्त स्वयंपाकघराचा पाइप गोठणार. तुझ्या पाइपाला कळणारसुद्धा नाही."

साडेदहाला ताई आल्या. पार्लर होतं पूर्वेच्या खोलीत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे स्वयंपाकघर होतं. पण सकाळच्या उजेडात केसांचा खरा रंग कळतो म्हणून बायकोने ओटा मागच्या खोलीत नेला आणि इथे खुर्ची, आरसा आणि बेसिन मांडलं. या अदलाबदलीत लेबलरावांनी डबे, बरण्या, बटणं मिळून एक्केचाळीस लेबलं बदलली होती. एकही सुटलं नाही, असं ते अभिमानाने सांगत.

"चॉकलेटी कर," ताई म्हणाल्या. "पण भडक नको. मुख्याध्यापिका वाटले पाहिजे."

"हो ताई." बायकोने रंग कालवला, लावला, आणि भिंतीवरच्या घड्याळाशेजारी पस्तीस मिनिटांचा गजर लावून ठेवला. ताई डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी आणि अंगावर काळा झगा घालून खिळल्यासारख्या बसल्या. इतकी हक्काची श्रोती लेबलरावांना जन्मात मिळाली नव्हती.

"ताई, हे बघ!" ते बाटली घेऊन दारात उभे राहिले आणि लेबल वाचू लागले. "आत काय आहे? दाबाखाली द्रवरूप करून भरलेला वायू. प्रोपेन आणि ब्यूटेन."

"म्हणजे शेगडीचा गॅस?"

"त्याच घराण्यातला. पूर्वी दुसरे वायू भरायचे, पण ते हवामानाला वाईट म्हणून बदलले."

"आणि घराला चांगला का हा?"

"ऐक तर! इंजेक्शनच्या आधी नर्स दंडावर स्पिरिट लावते, तेव्हा कसं गार लागतं? कारण स्पिरिट उडून जातं आणि जाताना तुझ्या कातडीची उष्णता घेऊन जातं. हेही तसंच, फक्त शंभरपट! बाटलीतून बाहेर पडलं की द्रवाचा झटक्यात वायू होतो. त्याला उष्णता लागते. ती कुठून घेणार? पाइपाकडून! पाइप शून्याच्या खाली तीस-चाळीस अंश जातो. मग आतलं पाणी कडेकडेने गोठत मध्यापर्यंत येतं आणि झालं बर्फाचं बूच! त्याच्या पलीकडे खुशाल नळ काढा, नवा बसवा. अर्ध्या तासात बूच आपोआप वितळतं."

ताईंनी टोपीखालून भुवया उंचावल्या. शिकवण्यात जन्म गेलेल्या बाई त्या. धडा नीट ऐकायची सवय होती. "अटी काय आहेत?"

"पाणी स्थिर हवं. वाहतं असेल तर गोठत नाही. खिडकी उघडी हवी. आणि वायू पेट घेणारा आहे, तेव्हा ज्योत नको, ठिणगी नको, विजेचं काही चालू करायचं नाही. हातमोजे घालायचे, नाहीतर बोटंच गोठतील."

"लक्षात ठेव हो सगळं," ताई म्हणाल्या.

"ताई, लेबल वाचण्यात माझा हात कोणी धरलाय का आजवर?"

लेबलराव बोळात आले. सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडी बंद आहे का ते दोनदा पाहिलं, हातमोजे चढवले आणि कपाट उघडलं. तांब्याचे दोन पाइप शेजारीशेजारी वर चढत होते. दोन्हींना आठ वर्षांपूर्वी त्यांनीच बांधलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. एकीवर 'स्वयंपाकघर', दुसरीवर 'मागची खोली'. त्यांना आपलं अक्षर पाहून भरून आलं. आठ वर्षांत एक मात्रा पुसली नव्हती! त्यांनी 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या पाइपाला बाटलीसोबत आलेली फोमची गुंडाळी घट्ट बांधली, तिच्यात नळी खुपसली आणि बटण दाबलं.

फुस्स्स! गुंडाळीच्या कडांवर पांढरं शुभ्र हिम जमलं. पाइप कडकड असा बारीक आवाज करू लागला. दहा मिनिटांत बाटली रिकामी झाली आणि पाइपावर वीतभर बर्फाची साय आली. इतकं यशस्वी काम लेबलरावांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी त्यावर वेळ लिहून एक लेबलही बांधलं: 'गोठवला, अकरा वाजून पाच मिनिटे.'

आता बाटलीच्या लेबलावर पुढची सूचना होती. नळ उघडून पाणी थांबल्याची खात्री करावी. लेबलराव खात्री करायला निघणार, एवढ्यात पार्लरमधून बायको ओरडली, "अहो! पाणी येत नाहीये!"

तिने कपाळावर ओघळलेला रंग पुसायला बेसिनचा नळ सोडला होता. नळाने नुसता सुस्कारा टाकला होता. तिचा आवाज घाबरून कापत होता. पण लेबलरावांच्या कानांना तो कौतुकाने भारावलेला वाटला, आणि ती कुठल्या नळाबद्दल ओरडतेय हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

"येणारच नाही!" ते आनंदाने ओरडले. "हेच तर शास्त्र आहे!"

"अहो, अजिबात येत नाहीये!"

"अजिबातच यायचं नसतं! तू ताईला सांग!"

आणि ते पाना घेऊन थेट मागच्या खोलीत, ओट्यापाशी. नळ अजून ठिबकत होता. 'पाइपात उरलेलं असेल,' असं त्यांनी मनाशी ठरवलं. पाना लावला, एक फेरा, दोन फेरे, तीन...

चौथ्या फेऱ्याला नळ त्यांच्या हातात आला आणि मागोमाग पाणी आलं. ठिबकत वगैरे नाही! दंडाएवढी धार भिंतीतून सुटली ती समोरच्या फ्रिजवर आदळून परत लेबलरावांच्या तोंडावर. त्यांनी तळहात लावला, धार सातआठ बाजूंना फुटली. त्यांनी दुसरा हात लावला, चष्मा गेला. "पाणी!" एवढा एकच शब्द त्यांना सुचत होता.

बायको धावत आली आणि दारातच थबकली. "पार्लरमध्ये थेंब नाही आणि इथे हा पूर? तुम्ही कुठला पाइप गोठवलात?"

"स्वयंपाकघराचा! लेबल वाचून गोठवला! स्वयंपाकघराचा..." आणि मग लेबलरावांना आठवलं. एक्केचाळीस लेबलं बदलली होती. पाइपांची दोन राहिली होती. आठ वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर म्हणजे आजचं पार्लर.

"किती वेळ राहिलाय?" पार्लरमधून ताईंचा शांत आवाज आला.

बायकोने घड्याळ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अकरा मिनिटं, ताई!" मग ती नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आणि तुमचं बूच वितळणार अर्ध्या तासाने. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा आल्यात हो." डोळ्यांत पाणी तरळलं, पण एवढ्या पाण्यात ते कोणाला दिसणार!

पण बायको रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "ड्रायर आणते! तीन आहेत. तिन्ही लावून बर्फ वितळवते."

"नको!" लेबलराव किंचाळले. "ठिणगी! प्रोपेन! लेबलावर लिहिलंय!"

अख्ख्या गल्लीत नसतील एवढे गरम हवेचे झोत ज्या घरात होते, तिथे त्यातला एकही चालू करायची सोय उरली नव्हती. बायकोने कपाळाला हात लावला.

लेबलरावांना एक तोडगा सुचला. त्यांनी पातेलं उलटं करून धारेवर दाबायला बायकोला सांगितलं आणि ते ठिबकत्या कपड्यांनिशी बोळात पळाले. दुसरा पाइप गोठवायचा! पण मघाशीच रिकाम्या झालेल्या बाटलीतून 'फिस' असा आवाज आला आणि संपला. तेवढ्यात पार्लरच्या दारात झगा आणि टोपी घातलेल्या ताई प्रकट झाल्या.

"स्थिर पाणी लागतं ना रे?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "ते बघ, उंबऱ्यावरून चाललंय. तूच वाचून दाखवलंस मघाशी."

लेबलरावांनी मान खाली घातली. छप्पन्नाव्या वर्षी ते पुन्हा तिसरीत गेले.

"प्लंबरला फोन लाव," ताई म्हणाल्या.

प्लंबर दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीत उतरला होता. फोनवर त्याचा आवाज घुमत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जराही घाई न करता म्हणाला, "साहेब, नवा नळ आणलाय ना? तो आधी पूर्ण उघडा. उघडाच ठेवून बसवा. बंद नळ धारेवर चढत नाही, पाणी ढकलून देतं. उघड्यातून पाणी जाऊ द्या. आटे बसले की मग चावी फिरवा, झालं."

"इतकंच?"

"इतकंच. घरात कोणाच्या बोटांत जोर आहे?"

लेबलराव फोन कानाशी धरून ओट्यापाशी आले, बायकोला सगळं सांगितलं आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. अकरा वर्षं रोज दहा डोकी चोळणारी ती बोटं! तिने नवा नळ हातात घेतला, पूर्ण उघडला, धारेपाशी नेला... आणि नेमका तेव्हा पार्लरमध्ये गजर वाजला.

पस्तीस मिनिटं!

बायकोचा हात हवेतच थांबला. तिने वाजत्या गजराच्या दिशेने पाहिलं, ताईंच्या टोपीकडे पाहिलं आणि मग भिंतीतून सुटलेल्या त्या दांडग्या धारेकडे. नळ तिने खाली ठेवला.

"ताई," ती अगदी रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी म्हणाली, "या बाजूला या. बेसिन इकडे आहे."

"कुठे?"

"ओट्यावर. वाका जरा. अहो, तुम्ही भाजी निथळायची चाळणी धरा त्या धारेपुढे. तिरकी! हां, आता हलायचं नाही!"

चाळणीतून धारेचा झकास फवारा झाला. शाळेच्या मुख्याध्यापिका घोटाभर पाण्यात उभ्या राहून ओट्यावर वाकल्या, आणि पहिला थंडगार सपकारा डोक्यावर बसताच त्यांनी अशी किंकाळी फोडली की फोनवर प्लंबर म्हणाला, "काय झालं साहेब? भिंत पडली का?"

"काही नाही ताई, थंड पाण्याने रंग पक्का बसतो," बायको म्हणत होती आणि तिची बोटं सराईतपणे चालत होती. मागे, पुढे, कानाशी, मानेवर. तिच्या आवाजात एक कंप नव्हता. लेबलराव फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून, दोन्ही हातांनी चाळणी धरून पुतळ्यासारखे उभे होते. ताईंच्या डोक्यावरून निघालेला चॉकलेटी ओघळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून खाली वाहत होता. सांगायला हरकत नाही, बायकोकडे पाहताना त्या क्षणी त्यांना फार अभिमान वाटला, आणि स्वतःची फार लाज.

शेवटचा रंग गेला आणि पाणी नितळ आलं. बायकोने ताईंच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, नळ उचलला, उघडाच धारेवर धरला. मनगटाचे तीन फेरे, पान्याचा एक. मग चावी फिरवली आणि घरात अशी शांतता झाली की बोळातल्या पाइपावरचं हिम वितळताना टपकलेला थेंबसुद्धा ऐकू आला.

"बसला!" लेबलराव फोनमध्ये म्हणाले.

"छान. पण साहेब, तुम्ही मुख्य कॉक बंद का नाही केला?"

"अहो, तो जाम आहे! लेबल बांधलंय मी."

टाकीत काहीतरी खणखणलं. मग प्लंबर म्हणाला, "तो तर मी मागच्या महिन्यात गीझर लावताना बदलला. लोण्यासारखा फिरतो आता. सांगायचं राहिलं वाटतं."

"मग त्यावरचं लेबल?"

"ते होतंच ना तिथे. काढलं तर साहेब रागावतील म्हणून परत बांधून ठेवलं."

लेबलरावांनी फोन ठेवला. हे संभाषण कोणी ऐकलं नसावं अशी त्यांनी आशा केली. दोघींनीही ऐकलं होतं.

दुपारपर्यंत तिघांनी मिळून पाणी काढलं. खोल्या वाऱ्यावर चांगल्या कोरड्या झाल्या, वायू कधीच निघून गेला, आणि मगच लेबलरावांनी ड्रायरला परवानगी दिली. बायकोने ताईंचे केस वाळवले, विंचरले आणि खुर्ची पूर्वेच्या खिडकीकडे वळवली. ताई आरशात बघत राहिल्या. रंग शांत, मऊ, चॉकलेटी. एक छटा इकडे नाही, तिकडे नाही. बायको कंगवा हातात घेऊन मागे उभी होती, आणि अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो येतो की नाही, म्हणून ती कंगव्याचे दाते मोजत होती.

"सुरेख," ताई म्हणाल्या. मग वळून त्यांनी भावजयीचा ओला हात धरला. "मी उगाच म्हणत होते गं, वेळ जातो म्हणून. घोटाभर पाण्यात उभं राहूनसुद्धा तुझं एक मिनिट चुकलं नाही. माझ्या शाळेत असा एक शिक्षक नाही."  बायकोने नुसतीच टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"यापुढे माझे केस इथेच," ताई जाताना म्हणाल्या. "फक्त एक अट आहे." आणि त्यांनी भावजयीच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. लेबलराव विचारत राहिले, पण उत्तर काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी त्यांनी पहिलं काम केलं. पाइपांची दोन्ही लेबलं बदलली, कॉकचं लेबल काढून टाकलं, आणि रिकाम्या बाटलीवर 'रिकामी' असं लिहून ती छत्री क्रमांक तीनच्या शेजारी ठेवली. मग आणखी कुठे जुनं लेबल राहिलं आहे का, हे बघत बघत ते पार्लरमध्ये आले. आरशाजवळ बायकोची वेळापत्रकाची वही उघडी होती. पुढच्या महिन्याच्या पानावर तिच्या अक्षरात एक ओळ होती.

'ताई. रंग. सकाळी दहा. हे बाहेर.'

लेबलरावांनी ओळ दोनदा वाचली. वस्तूचं नाव होतं, जागा होती, वेळ होती. नेटकं लेबल! खोट काढायला कुठे जागाच नव्हती. तरी सवय जाईना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या... म्हणजे मागच्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, "अगं, बाहेर किती वाजेपर्यंत, ते लिहायचं राहिलंय."

बायकोने नवा नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. एक थेंबही गळला नाही.

"ताईंनी सांगितलंय," ती म्हणाली. "केस वाळेपर्यंत!"